उरलेल्या पेशी

६ जानेवारी
बोन मॅरो साफ! मायक्रोस्कोपखाली एकही वाईट पेशी नाही. ल्युकेमिया कळल्यापासून आज आई पहिल्यांदा हसली. नेरे गावच्या काकांना फोन, शेजारी पेढे. केमोमुळे माझ्या तोंडात फोड, मी नुसता वास घेतला.
आणि डॉक्टर मॅडमना अजून एक तपासणी हवी आहे — एमआरडी. उरलेला आजार मोजायची. आई चिडली, "साफ हाय बोल्ल्या ना? मंग अजून काय शोधायचा?"

७ जानेवारी
मॅडमना खोदून विचारलं. शंभरात एखादी वाईट पेशी उरली असेल तर मायक्रोस्कोपखाली ती ओळखूच येत नाही. नव्या मशीनमध्ये पेशींना चमकणारे रंग चिकटवतात आणि लेझरसमोरून एकेक सोडतात. दहा हजारांत एक असली तरी सापडते!
हे मला कळतं. तळोज्याच्या कंपनीत पाणी तपासून मी रोज लिहायचे, 'आढळले नाही'. 'नाही' असं कधीच लिहिलं नाही. मशीनला दिसतं त्याच्याही खाली काय असेल, कोण सांगणार? पण तेव्हा ते नुसतं पाणी होतं.
मशीन बघायला मिळेल का, विचारलं. मॅडम हसल्या. नमुना मुंबईला जातो म्हणे.

१० जानेवारी
रिपोर्ट नाही.

१३ जानेवारी
दहा हजारांत चार.
मॅडमनी आलेख दाखवला. ठिपक्यांचे मोठमोठे ढग आणि एका कोपऱ्यात चिमूटभर लाल. मी बराच वेळ बघत बसले — एवढेसेच! मग विचारलं,
"मी किती जगणार?"
"हा आकडा एकट्या तुझं भविष्य सांगत नाही. पेशी उरलेल्यांमध्ये आजार परतायचा धोका बराच जास्त असतो, एवढंच सांगतो. म्हणून नुसत्या केमोवर थांबायचं नाही."
म्हणजे ट्रान्सप्लांट — दुसऱ्याचा निरोगी मॅरो माझ्यात. सख्ख्या भावंडाचं जुळलं तर उत्तम. मला एकच बहीण — समृद्धी. फोन केला तशी उरणहून निघाली. लॅबच्या दारातच बाही वर — "कुठं टोचायचं?"
परत येताना करंजाडे आलं. बाबा एकदम, "कळला ते बरा झाला. नाय कळला असता तं?"

१६ जानेवारी
पुन्हा केमो. उलट्या. त्या चौघी आत्ता कुठे लपल्या असतील?

२८ जानेवारी
समृद्धी पूर्ण जुळली! पण दात्याच्या बाकीच्या तपासण्यांत कळलं — ती गरोदर आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि आत्ता! तिचा मॅरो आता घेता येणार नाही. फोनवर नुसतं "सॉरी, सॉरी". मी म्हटलं, गप गं वेडे!
उद्या बाबांचं रक्त घेणार. अर्धं जुळलं तरी हल्ली करतात म्हणे.
मी मावशी होणार. ते बघायला मला असायलाच हवं.