धोऱ्याखाली निजलेल्या झमकूच्या जागेबाबत

प्रति,
मा. वन अधिकारी,
वाळू स्थिरीकरण कार्यालय

विषय : फोगसर गावचा चालता धोरा (वाळूची टेकडी) जागीच बांधून थांबवण्याचे काम दोन उन्हाळे पुढे ढकलण्याबाबत.
संदर्भ : आपल्या सर्वेक्षकांनी धोऱ्यावर रोवलेले लाल झेंडे.

महोदय,

१. मी, लिखमाराम बिश्नोई, राहणार फोगसर, सविनय कळवतो की, माझी मुलगी झमकू सात वर्षांची असताना तापाने गेली. आम्हा बिश्नोयांत प्रेत जाळत नाहीत, त्याला लाकूड लागतं, आम्ही पुरतो. ऐन उन्हाळा होता, शेताची जमीन फावड्याला दाद देईना. वाळूच्या धोऱ्याच्या पायथ्याशी भुसभुशीत होतं, दुपारनंतर सावलीही पडायची. पोरीला ऊन लागू नये म्हणून तिथंच निजवलं. मी गाढव! सावलीच्या अंगानंच धोरा पुढं सरकतो, हे त्या घडीला सुचलंच नाही.

२. नैऋत्येचा वारा धोऱ्याच्या पाठीवरून वाळू वर ढकलतो, माथ्यावरून ती पुढं घसरते. असं करत धोरा चालतो. पुढच्याच उन्हाळ्यात तो झमकूवर चढला. परंतु पुढून गिळलेलं तो मागून सोडतोही. गावचं जुनं पाण्याचं टाकं असंच आमच्या डोळ्यांदेखत उघडं पडलं. तशीच झमकूची जागाही आणखी दोन उन्हाळ्यांत मोकळी होईल, या आशेवर आम्ही नवरा-बायको दिवस ढकलतो. माझी बायको मांगी रोज धोऱ्यावर पाखरांना बाजरी टाकते आणि हाक मारते, "झमकू, ये गं बाई, मागच्या दारानं ये!"

३. आता आपण धोऱ्याच्या पाठीवर वाऱ्याला आडवी काटक्यांची कुंपणं रोवून, सेवण गवत पेरून, खेजडीची रोपं लावून त्याला जागीच थांबवणार. मी सर्वेक्षकांना म्हटलं, "साहेब, फक्त पुढून बांधा, मागून मोकळा ठेवा." ते म्हणाले, "काका, वारा येतो मागून. पुढं बांधलेलं सगळं गाडलं जाईल." खरं आहे त्यांचं. वारा वळवणे आपल्या अधिकारात असल्यास तसा वेगळा अर्ज करतो.

४. धोऱ्याच्या वाटेवर माझ्या धाकट्या भावाचं, ठाकरारामचं घर आहे. वाळू खिडकीला लागली आहे आणि त्याची सून बाळंतीण आहे. वरचा मजकूर मी मांगीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, तिथं जितंजागतं लेकरू निजतं. आपलं निजलंय, निजू दे." सबब विषयातील मागणी मी मागे घेतो. काळीज तुटतं, पण घेतो. काम सुरू करावे.

५. एकच विनंती. मधल्या झेंड्याजवळ, झमकूच्या वर येणारी खेजडी मजुरांकडून लावून घेऊ नये. बिश्नोई हिरवं झाड तोडत नाही, त्याच्या मुळाशी खणतही नाही. ते रोप जगलं की लेक आम्हाला पुन्हा दिसायची नाही. तेवढं दार आम्हा आईबापांच्या हातानं लागू द्यावं. पाणी आम्ही घालू.

आपला नम्र,
लिखमाराम बिश्नोई
फोगसर, जेठ अमावस्या

सोबत : जागेचा नकाशा नाही. मांगी येऊन बोट दाखवील.