एका बँडचे दोन पक्ष

४ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे ताप-खोकला कुणाला नाही. निवडणूक मात्र सगळ्यांना झाली आहे. आपल्या वॉर्डात वखारवाले शेठ विरुद्ध दातांचे डॉक्टर अशी लढत आहे, आणि त्यापायी तुझ्या धाकट्या भावाने आपला बँड मोडायला काढलाय.

बाबांचा शिरस्ता तुला ठाऊक आहे. बोलावील त्याच्याकडे वाजवायचं, पण गणवेशावर कुणाचा रंग चढवायचा नाही. परवा तालमीला हे महाशय डॉक्टरांच्या पक्षाचा निळा गळपट्टा बांधून आले. मी म्हटलं, की तो काढ नाहीतर ट्रंपेट खाली ठेव. तर त्याने मलाच सुनावलं, की दर वर्षी शेठच्या बंगल्यावर वाजवणारा माणूस कुठला आलाय निःपक्षपाती! मग माझंही डोकं फिरलं. तडक शेठच्या कचेरीत गेलो आणि पिवळा बिल्ला लावून आलो. खरं सांगू का, तो माणूस मला फारसा आवडतही नाही. पण आता माघार कशी घेणार?

तेव्हा निम्मे वादक इकडे, निम्मे तिकडे. ढोलवाले मामा तिकडे गेले. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आपण कुठे गेलो हे त्यांना अजून नीट कळलेलं नसावं. घरात खोलीच्या मधोमध कपाट आडवं लावलंय. निकालानंतरच्या पहिल्या रविवारी वाद्यांच्याही वाटण्या करायचं ठरलंय. बाबांनी एकेक करून जमवलेली वाद्यं, ठकू.

धाकटा हल्ली जेवणावरून लवकर उठतो. तुला त्याने काही कळवलं का? मी विचारणार नाही, पण तू विचार.

माया असू दे, माझी बाजू चुकली असली तरी.
तुझा, दादा


७ जानेवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

दादाचं पत्र आलंच असेल, आणि त्यात मीच खलनायक असेन. पण गळपट्टा मी हौसेने बांधला नाही. कालव्यावरचा लाकडी पूल किती दिवस बंद पडलाय! पोरांना शाळेला अख्ख्या बाजाराला वळसा घालून जावं लागतं. डॉक्टर निदान पुलाचं नाव तरी घेतात. आपण फक्त वाजवायचं आणि बोलायचं नाही, हे बाबांच्या काळी ठीक होतं. मला जे पटतं ते पटतं म्हणायची चोरी का?

कपाटाची बातमी कळली असेल. आरसा दादाच्या बाजूला गेला आणि फणी माझ्या, त्यामुळे दोघेही विस्कटलेले हिंडतो. स्वयंपाकघर तेवढं एकच राहिलंय. वहिनीने आणि आमच्या हिने बजावलंय, की चुलीला पक्ष नसतो, ज्याला असेल त्याने बाहेर जेवावं. दोघी आत बसून आमच्यावर हसतात, तेही पुरेशा मोठ्याने.

दादा हल्ली सकाळी क्लॅरिनेट वाजवत नाही. तब्येत बरी आहे ना त्याची? तुला लिहिलं असेल तर कळव. मी विचारलं हे सांगू नकोस.

धाकट्यावर नेहमीचा लोभ आहेच, तो पातळ करू नये.
तुझा, धाकटा


१२ जानेवारी

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.,
आणि चि. धाकट्यास अ. उ. आ.

एकच मजकूर दोघांना पाठवतेय, कपाटाच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रत. अरे, एका छताखाली राहता, आणि एकमेकांची खुशाली विचारायला गावाबाहेरची बहीण लागते? तुमच्या अबोल्यावर पोस्ट खातं चाललंय.

आमच्या डेपोत ड्रायव्हर एका पक्षाचा, कंडक्टर दुसऱ्याचा. दिवसभर कडाकडा भांडतात. पण बस एकच असल्यामुळे संध्याकाळी दोघेही एकाच ठिकाणी पोचतात. मी तिथे बसून वेळापत्रक सांभाळते, आणि मला अजून एकही बस मधोमध कापावी लागलेली नाही.

दादा, धाकट्याला स्वतःचं मत आहे यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, ते तूच त्याला शिकवलंस. आणि धाकट्या, गणवेश तुझ्या एकट्याचा नाही. वाटण्या करणारच असाल तर मोठा ढोल कसा चिरणार ते आधी कळवा. त्यात माझाही हिस्सा आहे. मी मागितला नाही म्हणजे तो नाही असं समजू नका. मला ढोल नको आणि पिपाणीही नको. मला माझे दोन भाऊ एका रांगेत हवेत, बस्स.

रागावले आहे, तरी लोभात खोट नाही.
तुमची, ठकू


२३ जानेवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

काल प्रचाराचा शेवटचा दिवस. मिरवणुकांना रस्ते वेगळे नेमून दिले होते, पण आमची रेंगाळली, त्यांची घाईने निघाली, आणि चौकात दोन्ही समोरासमोर आल्या. घोषणा सुरू झाल्या, बाह्या वर सरकल्या. मला वाटलं, आता डोकी फुटणार.

तेवढ्यात मामांना दादा दिसला. मामा कानाने नाही, दादाच्या खांद्याकडे बघून वाजवतात हे तू जाणतेसच. इतके दिवस आमच्याकडे ते अंदाजाने बडवत होते. दादाचा खांदा दिसताच त्यांची कळी खुलली आणि त्यांनी त्याचाच ठेका धरला. ढोल गेल्यावर बाकीचे काय करणार? आमची झांज गेली, मग सगळेच गेले, शेवटी माझी बोटंही माझं ऐकेनात. बँड एक झाला. लोकांना बँडच्या मागे चालायची सवय, त्यामुळे निळे आणि पिवळे एकमेकांत मिसळून चालू लागले. मामा खुशीत सर्वांच्या पुढे, आणि वळले ते नेमके कालव्याच्या गल्लीत. पुढे बंद पूल, मागे गर्दी!

उभं राहायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून दोन्ही उमेदवार एका हातगाडीवर चढले. शेठनी देशाच्या भवितव्याला हात घातला, तशा वरच्या गॅलरीतून इस्त्रीवाल्या बाई ओरडल्या, की देश पलीकडेच आहे, पण तिकडे जायला पूल नाही. काय हशा पिकला! डॉक्टर खूश झाले, तर बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. पुलाचं नाव रोज घेता, पण बांधणार कधी, असं विचारलं. मग गर्दीनेच निकाल दिला, की जिंकेल त्याने उन्हाळ्याच्या आत पूल करायचा, आणि हरेल त्याने रोज सकाळी येऊन काम कुठवर आलं ते विचारायचं. सगळ्यांदेखत दोघांनाही हो म्हणावं लागलं.

दादा माझ्या शेजारीच उभा होता. घरी मात्र आपापल्या वाटेने आलो. वाटण्यांचा रविवार तसाच आहे, ताई. मला त्याची भीती वाटते.

तुझा लोभ आता खरंच लागतोय.
धाकटा


५ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

डॉक्टर निवडून आले, थोडक्यात. शेठ पडले, पण रोज सकाळी छत्री घेऊन कालव्यावर हजर असतात आणि सुताराला भंडावून सोडतात. सुतार म्हणतो, की शेठ निवडून आले असते तर बरं झालं असतं, निदान दिसले नसते.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांची मिरवणूक निघाली. धाकटा निम्मा बँड घेऊन गेला. मी घरात बसून ऐकत होतो. क्लॅरिनेटशिवाय ते इतकं पोकळ वाजत होतं की मला बसवेना. बिल्ला काढून ठेवला आणि गेलो.

ताई, इथून मी, धाकटा. दादा पेन सोडायलाच तयार नव्हता. आपण हरलेलो असताना दुसऱ्याच्या विजयात वाजवायला छाती लागते. दादा माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि त्याने नुसता सूर दिला. मला पुढचं वाजवताच आलं नाही. गळपट्टा तिथेच खिशात घातला. रविवारी वाद्यं बाहेर काढली, पुसली, आणि सगळी एकाच खोलीत परत ठेवली.

पुन्हा मी, दादा. आमची मतं बदलली असं मात्र समजू नकोस. जेवताना रोज वाजतं. बाबांच्या शिरस्त्यात मी एवढीच भर घातली, की गणवेश कोरा, पण तो उतरवला की ज्याला जे पटेल ते त्याने खुशाल बोलावं. आता धाकटा पुढच्या खेपेला स्वतः उभा राहायचं म्हणतोय. मी त्याला तोंडावर सांगून टाकलंय, की माझं मत तुला मिळणार नाही. पण तुझ्या मिरवणुकीत दुसऱ्या कुणाची क्लॅरिनेट दिसली, तर याद राख.

आम्हा दोघांवर सारखीच माया असू दे.
तुझे,
दादा आणि धाकटा