फ्लॉपीतले आवाज

बाबा, तुमची फ्लॉपी कोरी नव्हती. आज सकाळी कळलं.

गंगापूर रोडला एक निवृत्त प्राध्यापक जुने कॉम्प्युटर जमवतात. तुमच्या माघारी कपाट आवरताना तुमची ती मोठी, वाकणारी काळी फ्लॉपी सापडली, म्हणून सहज त्यांच्याकडे घेऊन गेले. "काही नाहीये हो हिच्यात, पीसीत घालून बघितलीये," असं मीच आधी सांगून टाकलं. त्यांनी तुमच्या अक्षरातलं लेबल वाचलं. "ताई, ही दुसऱ्याच जातीच्या मशीनची आहे. त्याची लिहायची पद्धत वेगळी. तुमच्या पीसीला ती कळणारच नव्हती." मग त्यांनी आपल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर ती पद्धत ओळखणारा प्रोग्रॅम चालू केला. आत करकर झाली आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत तुम्ही आलात. इंग्रजी अक्षरांतली तुमची मराठी. त्यांनी खुर्ची पुढे केली, मी उभ्यानेच वाचत राहिले.

"लेथ नंबर चार. बेअरिंग जायच्या आधी आठवडाभर मांजरासारखं गुरगुरतं." "कॉम्प्रेसरला ठसका लागला तर आधी तेल बघा, मग मला शिव्या द्या." सिन्नरच्या कारखान्यात तुम्ही आयुष्यभर कानाने मशीनं दुरुस्त केलीत. निवृत्तीआधी हे सगळं नव्या फिटरांसाठी लिहून ठेवत होतात, शिफ्ट संपल्यावर स्टोअरच्या कॉम्प्युटरवर बसून. घरी आलात की पोळ्या लाटणाऱ्या मला, तुमच्या इंग्रजी शाळेतल्या मुलीला, ओट्यापाशी येऊन विचारायचात, "कॉन्व्हेंट, बेअरिंगचं स्पेलिंग सांग गं."

स्टोअरचा तो कॉम्प्युटर भंगारात निघाला, आणि तुम्ही माझ्या ऑफिसच्या दारात उभे आहात. इस्त्रीचा शर्ट, फ्लॉपी दोन्ही हातांत धरलेली. मी ती पीसीत घालते, पडद्याकडे बघते. "कोरी आहे, बाबा."

"नीट बघितलंस?"

"हो."

"मग मीच सेव्ह करताना घोळ घातला असणार."

निरोप समारंभात साहेबांनी विचारलं, "काय, ते आवाजांचं पुस्तक कुठंय?" "राहिलं, साहेब," म्हणून तुम्ही हसलात. मी पहिल्या रांगेत होते. त्यानंतर तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत.

फ्लॉपीतल्या शेवटच्या पानावर घर होतं. आईचा मिक्सर, हॉलमधला पंखा. आणि त्याखाली: "मुलगी. मार्क कमी पडले की चपला अगदी आवाज न करता काढते. त्या दिवशी काही विचारायचं नाही."

हे पत्र फ्लॉपीच्याच पाकिटात घालून ठेवणार आहे. पण एक राहिलं. त्या दिवशी ऑफिसात पीसीने कोरी म्हटलंच नव्हतं, बाबा. वाचता येत नाही, असं स्वच्छ इंग्रजीत लिहून आलं होतं. मी ते वाचलं होतं. डबा खायची वेळ झाली होती, आणि मैत्रिणी जिन्यात थांबल्या होत्या.