सैल बांधलेला करदोडा

ता. ४ नोव्हेंबर
माफ कर वही, लिहायला फार उशीर झाला. भादव्यात थोरला मुलगा सुरेश गेला. वय बेचाळीस, वजन एकशे दहा. जेवणावरून उठला अन् छाती धरून खाली बसला. तेव्हापासून पेन धरवत नव्हतं. रडू नाही आलं. अजून नाही.

धाकटा बाळू सुप्याला कारखान्यात. तोच बांधा. शुगर, बीपी दोन्ही. डॉक्टर म्हणाले, नुसतं चालून भागायचं नाही, वजनंही उचला. दोन्ही मिळून पोट उतरतं, हृदयाला सोपं जातं.

परवा तो कामावर निघाला तेव्हा मी त्याच्या कमरेला नवा करदोडा बांधला. घट्ट. म्हटलं, पोट उतरलं की हा घसरेल. घसरला की सांग.

ता. ११
फोन केला. "चालतो की आण्णा." वजनं? "शिफ्टला खोकी उचलतो, ती काय कापसाची हायेत?" हसला. मला हसू आलं नाही.

त्याला हुरूप यावा म्हणून मीही सुरू केलंय. नदीपर्यंत चालायचं, मग तेलाचे दोन कॅन, अर्धे वाळू भरून, वर-खाली. शेजारचा मारुती ओट्यावरून ओरडला, "आण्णा, औंदा जत्रंच्या हंगाम्यात कुस्ती धरता का काय?"

ता. २०
बाळूचा फोन. करदोडा सैल झाला! चार बोटं घसरला म्हणे. बाळूच्या आईनं देवापुढं साखर ठेवली. मी कॅन वीसदा उचलले.

ता. २९
बाळू घरी आला. अंघोळीचं पाणी द्यायला गेलो. करदोड्याला दोन गाठी. माझी एकच होती. मधे चार बोटं दुसराच दोरा जोडलेला.

"काचत हुता आण्णा. आन् तुमी रोज इचारायचे."

 संध्याकाळी दोघं नदीकडं निघालो. विजेच्या तिसऱ्या खांबाशी तो थांबला. श्वास सुरेशसारखा वाजत होता. मी पुढचे खांब मोजत उभा.

ता. ३०
निघाला. मी त्याचा जुना करदोडा काढला, नवा बांधला. या वेळी मुद्दाम सैल. म्हटलं, रक्त तपासून घे. "व्हय." जाताना एक कॅन उचलून घेऊन गेला, वाळूसकट. मी सांगितलं नव्हतं.

ता. ६ डिसेंबर
रिपोर्ट आला असेल. फोन उचलत नाही. शिफ्ट असेल. किंवा...
एकच कॅन उरलाय, हात बदलून उचलतो.
बाळू, आकडा वाईट असला तरी खरा कळव. पण लवकर कळव.