तीन पायांची घोडी आणि तीन रिकाम्या चौकटी

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे ही बरी आहे, आणि ती म्हणते म्हणून मीही बरा आहे. तुमची तब्येत कशी आहे? वहिनींचे गुडघे? तुमच्या हाताला नवीन औषध लागू पडलं का, की कप अजून बशीवर वाजतो? मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून मी तीन आठवडे काळजीत होतो. काल ते पत्र माझ्याच कोटाच्या खिशात सापडलं. तेच पाठवणार होतो, पण त्यात लिहिलेली माझी सर्दी आता बरी झाली आहे, म्हणून हे नवीन.

पत्राचं कारण ट्रायपॉड. कॅमेरा ठेवायची तीन पायांची तिपाई. तुम्हाला माहीतच आहे, जमिनीच्या मोजणीच्या कामावर मी चौतीस वर्षं दुर्बिणीखालची तिपाई खांद्यावर वाहिली. वर साहेब डोळा लावायचे, खाली मी पाय रोवायचो. आम्ही तिला घोडी म्हणायचो. (सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, याला कुणीतरी पायावर उभं केलं पाहिजे. मी तीन-तीन पायांवर उभा राहिलो.) तेव्हा ट्रायपॉड निवडणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मला वाटलं होतं.

आधी चौकटींचं सांगतो, नाहीतर तुम्हाला काही उमगायचं नाही. लेकीने नवीन घर घेतलं, आणि बसायच्या खोलीच्या भिंतीवर तीन चौकटी टांगून ठेवल्या. रिकाम्या. एकीत तिला हवं आमच्या टेकडीवरून दिसणारं तळं, दुसरीत तिची आई, तिसरीत आईच्या कुंडीतलं निळं फूल, जे असतं टाचणीच्या डोक्याएवढं, पण दिसलं पाहिजे चौकटभर. “बाबा, तुम्हीच काढायचे हं, विकतचे नकोत,” म्हणाली आणि कॅमेरा ठेवून गेली. या महिन्याच्या वीस तारखेला तिच्याकडे पाहुणे येणार, तोवर फोटो पोचले पाहिजेत. मी हो म्हणून बसलो. जाताना दारात ती सहज म्हणाली, झेपत नसेल तर सांगा, मी तुम्हा दोघांना तिकडेच घेऊन जाते. दादा, ती सहज म्हणाली, पण ते वाक्य माझ्या छातीवर येऊन बसलंय ते उठायला तयार नाही. तिचं घर चांगलं आहे. पण तिथे टेकडी नाही, कुंड्या ठेवायला जागा नाही, आणि सकाळी उठून मी करायचं काय?

फोटो काढले. एकूण एकसष्ट. तळं हललेलं, हिला चार कान, आणि फूल म्हणजे शाईचा डाग. मी घरात जाहीर केलं की कॅमेरा सदोष आहे. हिने चहा आणून ठेवला. (ही हल्ली कमीच बोलते आणि काटकसरही फार करते. चहा अर्धा कपच देते. तक्रार केली की आणखी अर्धा देते, पण एकदम कप भरून द्यायला तिच्या जिवावर येतं. उतारवयात माणूस कसा बदलतो बघा.) मग मी कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो उघडला, फुंकर मारली, भिंतीवरच्या घड्याळाचा एक फोटो काढला आणि म्हणाला, “काका, कॅमेरा ठणठणीत आहे.” आणि माझ्या हाताकडे बघितलं. मी हात खिशात घातला. (दुकानात गारवा होता.) म्हणाला, ट्रायपॉड घ्या.

ट्रायपॉडचं दुकान एक बाई चालवतात. चष्मा डोक्यावर, टेप गळ्यात, आवाज मुख्याध्यापिकेचा. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “कशासाठी हवाय? लँडस्केप, पोर्ट्रेट की मॅक्रो?” मी म्हटलं, तळं, बायको आणि फूल. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “तिन्हीसाठी एकच मागताय होय! तळ्यासाठी हलका हवा, टेकडी चढायचीय ना. फुलासाठी जमिनीला टेकणारा हवा. आणि बायकोसाठी झटपट वर-खाली होणारा, कारण बायको काही तळ्यासारखी थांबत नाही.” मी विचारलं, आणि न हलण्यासाठी? तर म्हणे तो जड असतो. म्हणजे न हलणारा मला उचलवणार नाही, आणि उचलवेल तो हलणार. तिथे एक दाढीवाले फोटोग्राफर गिऱ्हाईक उभे होते. ते म्हणाले, “आजोबा, पायांचं सोडा, कॅमेरा ज्यावर बसतो ते डोकं बघा. डोकं वेगळं विकत घ्यावं लागतं.” आणि खरंच, दादा, महागातले ट्रायपॉड नुसते पाय असतात, डोक्याचे पैसे निराळे! मी म्हटलं, चौतीस वर्षं हेच ऐकत आलो, डोकं साहेबांचं आणि पाय आमचे. पण घोडी पडली तर डोकंही पडतं. यावर बाई पहिल्यांदा हसल्या.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी एक मधल्या वजनाचा उभा केला, पाय फाकवले, आणि सवयीने, अगदी नकळत, त्याच्या एका पायावर टाच ठेवून दाबली. कामावर आम्ही असंच करायचो, लोखंडी टोक मातीत शिरेपर्यंत. इथे माती नव्हती. पाय सर्रकन आत गेला, घोडी वाकली आणि शेजारचे चार ट्रायपॉड एकमेकांच्या गळ्यात पडले. “काका, पुरायचा नाहीये तो!” बाई ओरडल्या. मोडलं काही नाही, पण मला दरदरून घाम फुटला. खाली बसून गोळा करताना मला दिसलं की त्याच्या पोटाखाली काही अडकवायचा एक आकडा आहे. कामावर अशाच आकड्याला आमचा ओळंबा, म्हणजे दोरीचं वजन, लटकायचा. बाई म्हणाल्या, तिथे वजन लटकवायचं, म्हणजे हलका ट्रायपॉडही हलत नाही. मी लगेच येताना बाजारातून घेतलेली बटाट्यांची पिशवी लटकवली, ढकलून बघितलं, आणि तोच घेतला. टेकडीवर हलका न्यायचा, पिशवी रिकामी न्यायची आणि वर गेल्यावर दगड भरायचे. चौतीस वर्षांत कुठल्या साहेबाला हे सुचलं नाही. (किंमत लिहीत नाही, तुमचं रक्तदाबाचं औषधही चालू आहे.)

आता निकाल ऐका. तळं आलं! पण पहिले चार फोटो घोडीवरूनही हललेलेच होते, कारण बटण दाबायला बोट लागतंच. बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, दहा सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबा आणि हात मागे घ्या. तसं केलं, आणि पलीकडच्या काठावरची होडीसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. अर्थात तळं कुठे जात नाही. फुलासाठी घोडीचे पाय पार पसरून तिला जमिनीला टेकवली आणि मीही शेजारी पालथा पडलो. (उठताना हिने हात दिला.) फोटो काढताना मी श्वाससुद्धा रोखला होता. फूल तर आलंच, त्यावरची मुंगीही आली.

राहिली ही. खिडकीपाशी खुर्ची ठेवली, हिला बसवली, घोडीचा पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणेपर्यंत तिने शेंगा सोलून संपवल्या. मी टायमर लावला, बटण दाबलं, आणि आठव्या सेकंदाला “दूध उतू जातंय” म्हणून ही उठली. दादा, खुर्चीचा फोटो इतका सुरेख आलाय की वेताची वीणही मोजावी. तेव्हापासून ही बसायचं नाव काढत नाही. आज नऊ तारीख. एक चौकट रिकामी आहे, आणि लेकीला काय सांगू?

वहिनींना नमस्कार. काळजी घ्या, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा, तुम्ही एकीकडेच बघता.

तुमचा,
धाकटा

ता. क. — अक्षर वेडंवाकडं दिसेल. टेबल हलतं.

ता. क. दुसरा — टेबल हलत नाही. दादा, तुमचा हात कापायला लागला तेव्हा सुरुवात कशी झाली होती? आधी एका बोटापासून का? डॉक्टर काय म्हणाले, आणि हे पुढे वाढतं का, ते सगळं मला लिहा. तेव्हा तुमचा चहा बशीत सांडला आणि मी हसलो होतो, त्याबद्दल माफ करा. उत्तर लिहाल तेव्हा पहिल्या पानावर ट्रायपॉडबद्दल काहीतरी लिहा आणि हाताचं दुसऱ्या पानावर. ही पत्र वाचते, पण एका पानाच्या पुढे तिला कंटाळा येतो. पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देतोय, माझ्याकडून डिंक सगळीकडे लागतो.

भावोजींना नमस्कार. पाकीट माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी. यांचा हात मला मागच्या हिवाळ्यापासून माहीत आहे. कप भरला की सांडतो आणि सांडला की हे दिवसभर गप्प बसतात, म्हणून अर्धा अर्धा देते. कंजूष म्हणाले तरी चालेल. त्या दिवशी दूध उतू जात नव्हतं. एवढंसं बटण यांनी दोन्ही हातांनी दाबलेलं बघितलं आणि मला तिथे बसवेना. उद्या बसणार आहे, लेकीची चौकट रिकामी राहायची नाही. तुमच्या डॉक्टरांचा पत्ता पाठवा, मी यांना काहीतरी निमित्त काढून नेईन. आणि हाताचं पहिल्याच पानावर लिहा. मी दुसरंही वाचते.