पंचेचाळीस सेकंद

१ जानेवारी २०२६, सकाळी ६.१०
नववर्षाचे संकल्प, महत्त्वाच्या क्रमाने. एक, रोजनिशी, रोज. दोन, साखर पूर्ण बंद. तीन, जाईच्या व्यावसायिक बाबतींत हस्तक्षेप करणार नाही.

तिसरा संकल्प काल जाईने फोनवर माझ्याकडून वदवून घेतला. दोनदा. नोंदीसाठी: चिरंजीव जाई, वय चोवीस, जपानमध्ये होक्काइडोला एका कंपनीच्या संघातून पगारी आइस हॉकी खेळते. फॉरवर्ड. म्हणजे गोल करणे हे तिचे काम. करार मार्चअखेर संपतो. तो वाढला नाही तर मुलगी घरी. १५ मार्चला त्यांच्या गावी हंगामातला अखेरचा सामना आहे. तिने आमच्यासाठी दोन खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. रजेचा अर्ज आजच लिहिला. तिला प्रत्यक्ष खेळताना मी प्रथमच पाहीन.

याला कारण आहे. इथल्या बर्फाच्या रिंकवर दहा वर्षे तिला सुचित्रा नेत असे, बिशानच्या घरून एमआरटी मेट्रोने, मुलीएवढीच मोठी बॅग ओढत. मला थंडीने सर्दी होते. शिवाय तेव्हा मी या खेळाला ‘थेरं’ म्हणत असे, असे सुचित्रा म्हणते. मला स्मरत नाही. माझे योगदान दिशादर्शनाचे होते.

११ जानेवारी, दुपारी ३.४०
लॅपटॉपवर पहिला पूर्ण सामना पाहिला. अत्यंत व्यथित. जाई मैदानात उतरते, जीव तोडून धावते, आणि पाऊण मिनिटात तिला परत बाकावर बसवतात! एकदा नव्हे, एकोणीसदा. ऑफिसचे स्टॉपवॉच वापरले. सरासरी पंचेचाळीस सेकंद. ज्या मुलीला शाळेत एकाही तासाला वर्गाबाहेर काढले नाही, तिला एका दुपारी एकोणीसदा.

सुचित्रा सोफ्यावरून म्हणाली, अहो, बाकीच्या कुठे जातात तेही बघा जरा. मी म्हणालो, बाकीच्यांचा बाप मी नाही. ती स्वयंपाकघरात गेली. तिथून हसल्याचा आवाज आला. बहुधा फोनवर होती.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ हा साखरेत मोडत नाही. गूळ वेगळा पदार्थ आहे. पाच वड्या.

१७ जानेवारी, सकाळी ११.००
हस्तक्षेप म्हणजे दुसऱ्याला निर्णय बदलायला भाग पाडणे. वस्तुस्थिती निदर्शनास आणणे म्हणजे हस्तक्षेप नव्हे. अंतर्गत लेखापरीक्षणात माझी अठ्ठावीस वर्षे याच फरकावर गेली. सबब प्रशिक्षक ओकादा यांना ईमेल लिहिला. दोन पाने, सोबत तक्ता. अनुक्रमांक, मैदानात गेल्याची वेळ, परत बोलावल्याची वेळ, शेरा. जपानी भाषांतर संगणकाकडून करून घेतले. भाषा नम्र पण ठाम.

प्रत माहितीसाठी: संघाचे व्यवस्थापक आणि कंपनीचे अध्यक्ष. तुआसच्या आमच्या ऑफिसात वरिष्ठांना प्रत गेल्याशिवाय कागद हलत नाही. हे कौशल्य जाईला आयते मिळाले.

सुचित्राला सांगितले नाही. ती उगाच काळजी करते.

२५ जानेवारी
उत्तर नाही. अभ्यास चालू असावा. आजच्या सामन्यात जाईला सरासरी चव्वेचाळीस सेकंद. म्हणजे आणखी एक सेकंद कापला! प्रकरण गंभीर आहे.

इथल्या मराठी मंडळाचे प्रताप यांचा फोन. रविवारी, ८ तारखेला पालकांसाठी ‘खेळाडू घडवताना’ या विषयावर मी बोलावे. जाई जपानला नेमके काय करायला गेली हे दोन वर्षे मंडळात कुणाला ठाऊक नव्हते (मी ‘उच्च शिक्षण’ असे मोघम म्हणत असे). आता पेपरात फोटो आल्यापासून सगळे विचारतात. होकार दिला. सुचित्राला विचारले, भाषणात तुझा उल्लेख करू का. म्हणाली, वेळ उरला तर करा.

८ फेब्रुवारी, दुपारी ४.३०
लिहिणे भाग आहे म्हणून लिहितो.

भाषण उत्तम चालले होते. साठ जण. शेवटी मी तक्ता पडद्यावर दाखवला आणि परदेशी संघ आपल्या मुलांवर कसा अन्याय करतात ते सांगितले. तेव्हा तिसऱ्या रांगेतली वल्लरी उठली. ही इथल्या विद्यापीठात संशोधन करते. पूर्वी जाईबरोबर खेळायची. म्हणाली, काका, त्याला शिफ्ट म्हणतात. सगळ्याच जणी बदलतात. त्या वेगाने पंचेचाळीस सेकंदांपुढे कुणी टिकत नाही, कॅनॉट लाह! जाईची शिफ्ट तर आदर्श आहे, तिचे कोच यावरच खूश असतात.

हशा. प्रताप यांनी अत्यंत सौजन्याने विचारले, शैलेंद्रराव, तक्त्यात बाकीच्या खेळाडूंचा रकाना कुठे दिसत नाही?

नव्हता. अठ्ठावीस वर्षे मी कनिष्ठांना एकच गोष्ट शिकवली, की तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही.

वेळ उरला होता. सुचित्राचा उल्लेख राहिला. ती पहिल्या रांगेत होती. बिशान आल्यावर एवढेच विचारले, हा तक्ता तुम्ही आणखी कुणाला दाखवलात का?

९ फेब्रुवारी, सकाळी ९.०५
तिला ‘नाही’ म्हणालो होतो. तेव्हा ऑफिसात पोचताच पहिले काम म्हणून ईमेल परत मागवण्याची सोय वापरली.

सकाळी ९.२०
या सोयीने ईमेल परत येत नाही. ‘प्रेषक पुढील ईमेल परत घेऊ इच्छितात’ अशी स्वतंत्र सूचना तिघांनाही जाते. मूळ ईमेल व्यवस्थापकांनी आजवर उघडलाच नसावा. ९.१४ ला उघडल्याची पोच आली. अध्यक्षांची ९.१६ ला.

१२ फेब्रुवारी
ओकादा यांचे उत्तर. पालकांच्या मनास क्लेश झाल्याबद्दल त्यांनी तीनदा क्षमा मागितली आहे. इतका अपमान मला शिव्या खाऊन वाटला नसता.

१३ फेब्रुवारी, सायंकाळी ७.००
जाईचा फोन आईला. मी शेजारीच बसलो होतो. अध्यक्षांपर्यंत तक्रार गेली म्हणून प्रशिक्षकांना खुलासा द्यावा लागला. आणि प्रशिक्षकांना तो द्यावा लागला म्हणून काल सरावापूर्वी जाईने सगळ्या संघासमोर कमरेत वाकून माफी मागितली. करार वाढणार की नाही ते आता अखेरच्या सामन्यानंतर ठरेल.

मी फोन मागितला. सुचित्राने दिला. मी म्हणालो, जाई, माझा हेतू... ती म्हणाली, बाबा, आय नो. मग म्हणाली, पंधराला फक्त आईला पाठवा.

रात्री सुचित्राने विचारले, मला ‘नाही’ का म्हणालात? उत्तर तयार होते. दिले नाही.

२ मार्च
रजेचा अर्ज मागे घेतला. कारण या रकान्यात ‘वैयक्तिक’.

१४ मार्च
सुचित्राला चांगी विमानतळावर सोडले. बॅगेत लाडू, भाजणी, जाईचा जुना मफलर. ‘माझ्याकडून तिला सांग’ एवढे म्हणालो. काय सांगू, तिने विचारले. मी विचार करीत राहिलो आणि तिची रांग पुढे सरकली.

१५ मार्च, दुपारी ४.१०
सामना पाहिला. स्टॉपवॉच खणात. आज प्रथमच बाकीच्यांकडेही पाहिले. खरोखर सगळ्याच बदलतात. बाकावर परतलेली प्रत्येक मुलगी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत असते. अन्याय झालेली माणसे तशी दिसत नाहीत. संघ २-१ हरला. तो एक गोल जाईचा. कॅमेरा क्षणभर प्रेक्षकांवर गेला. सुचित्रा उभी राहून ओरडत होती. तिला ओरडताना मी पूर्वी पाहिलेले नाही. शेजारच्या खुर्चीवर मफलर.

नंतर तिचा संदेश: करार एक वर्षाने वाढला. नव्या करारात एक कलम जास्त आहे. खेळाडूच्या नातेवाइकांनी संघाशी परस्पर पत्रव्यवहार करू नये. जाईने सही केली. कलमाचा मसुदा निर्दोष आहे.

सायंकाळी ६.३०
घरात बसवेना. रिंकवर गेलो. प्रथमच. सर्दी झाली नाही. बूट भाड्याने देणाऱ्या वयस्कर चिनी गृहस्थांना सहज सांगितले की माझी मुलगी इथेच शिकली, जाई. ते एकदम उजळले. जाई! आई रोज यायची, तिथे त्या पायरीवर बसायची, डबा घेऊन. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, यू आर द फादर आह? दहा वर्षे मला वाटायचे, त्या मुलीला वडील नाहीत.

बूट नऊ नंबरचे घेतले. कठड्याला धरून बर्फावर उतरलो. मग कठडा सोडला.

एकतीस सेकंद. कुणी परत बोलावले नाही; स्वतःच आलो.