अनवाणी फरारी

२ मार्च १९८६

आमच्या मिठागराच्या बांधावर लोखंडाचं एवढं मोठं पिंप आणून उभं केलं, मला कोणी विचारलं? त्याला पत्र्याचे पंख, लाल दिवे. म्हणे आकाशातून पडलेलं जहाज. पडायला आमचाच मिठाचा वाफा सापडला! बांधाची कड फोडली, खाडीचं पाणी आत. सकाळभर मी चिखल थापत बसले.

बरं. वही, राम राम. तुला सुचित्राने दिलं. नामाची पोरगी, माझी नात, यंदा दहावीला. म्हणाली, ‘आजी, दिवसभर बडबडतेस ते हिच्यात लिहीत जा, आमचे कान सुटतील.’ मी तिसरीपर्यंत शिकले. अक्षराला हसायचं नाही.

पिच्चरवाले महिनाभर राहणार.

५ मार्च

नोटिशीचा शिपाई परत आला. पहिल्यांदा आला तो दिवाळीत. मिठागर सरकारजमा, हा शेवटचा हंगाम. त्या दिवशी त्याने अंगणात उभं राहून ह्यांच्या नावाने हाक मारली. हे ‘ओ’ म्हणून गेले, कागद घेऊन आत आले, आणि तेव्हापासून गप्प. त्या नावाने कोणी हाक मारली तरी ओ देत नाहीत. शेजारचा गंगाराम हाका मारून थकला. मग मीच पुढे होते — ‘हायेत घरात, पन झोपलेत.’

मी काही ह्यांचं नाव घेत नाही. आमच्यात बायका घेत नाहीत. पंचेचाळीस वर्षं झाली, ‘नामाचा बापूस’ म्हटलं की भागतं.

चाळीस हंगाम मीठ काढलं ह्या माणसाने. यंदा मी आणि गंगाराम काढतो, आणि हे भिंतीकडे तोंड करून पडून. भाकरी अर्धी टाकतात. मला राग येतो. रागच म्हणायचा.

८ मार्च

सुचित्राने पिच्चरची गोष्ट सांगितली. सन दोन हजार नव्याण्णव. सगळं पाणी राज्य करणाऱ्यांनी टाक्यांत कोंडून ठेवलेलं. एक माणूस ते चोरतो, लोकांना वाटतो, आडवा येईल त्याला मारतो. म्हणून तो फरारी, त्याच्यामागे शिपाई.

पाणी चोरलं म्हणून फरारी? मग पाइपाला हंडे लावणाऱ्या आमच्या गावच्या सगळ्या बाया फरारी.

९ मार्च

फरारीचं काम करणाऱ्या हीरोचं नाव धर्मराज. अंगात पत्रे, पायात गुडघ्यापर्यंत बूट, डोळ्यांत काजळ. विचारतो, ‘आजी, मी वाईट माणूस दिसतो का?’ म्हटलं, ‘बारशाला आल्यासारखा दिसतोस.’

पिच्चरमध्ये अकरा माणसं मारणार आहे. खेकडा बघून पिंपावर चढला.

१२ मार्च

आज तमाशा. डायरेक्टर श्यामसुंदरला पांढरीशुभ्र जमीन पाहिजे, मेलेल्या ग्रहाची. तिच्यावरून फरारी एकटा चालत येणार. धर्मराज बूट घालून मिठावर उतरला. टाच आपटली की पापुद्रा फुटतो आणि खालचा काळा चिखल वर येतो. चार पावलं, चार भोकं. बूट काढले तर मीठ टोचतं म्हणून एका पायावर नाचायला लागला. दुसरा वाफा — तेच. तिसरा — तेच. तीन वाफ्यांचं मीठ काळं केलं.

मी बांधावरून म्हटलं, ‘अरे बाबा, टाच नको आपटू. अख्खं पाऊल एकदम ठेव.’

श्यामसुंदर म्हणाला, ‘आजी, तुम्हीच चालून दाखवा ना.’

‘मी कशाला? ज्याला येतं तो घरी भिंत बघत पडलाय.’

घरी येऊन ह्यांना सांगितलं, ‘तीन वाफे नासवले त्यांनी.’

उठून बसले. ‘कोनी?’

दिवाळीपासूनचा पहिला अख्खा शब्द!

१३ मार्च

हे गेले. धोतर खोचलं आणि चालले. बगळा चिखलात चालतो तसे. पाऊल पडलं हे मिठालासुद्धा कळत नाही. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, मागे एक डाग नाही.

श्यामसुंदरची सिगारेट बोटातच जळत गेली. म्हणाला, ‘बूट कॅन्सल. आजपासून फरारी अनवाणी.’ पाय ह्यांचे घेणार, तोंड धर्मराजचं.

ह्यांना ती पत्र्याची विजार घातली. मी हसून हसून बांधावर बसले.

‘काय हसतंस गो?’ म्हणाले.

‘लग्नात एवढे नटला नव्हतात.’

दोन भाकऱ्या खाल्ल्या. वर सुकट मागितली.

२० मार्च

रोज जातात. धर्मराजला चालायला शिकवतात. ‘जमिनीवर रागवू नको, ती काय तुला मारायला आली नाय’ — असं सांगत होते. मी झाडामागून ऐकलं. घरात मला कधी एवढं बोलले नाहीत.

२५ मार्च

पिच्चरवाले निघाले. श्यामसुंदर वही घेऊन आला. ‘आजोबांचं नाव सांगा, पडद्यावर येईल.’

हे खाली बघत राहिले. नावाचं निघालं की परत तेच, तोंडाला कुलूप. सुचित्रा परीक्षेला, नामा कंपनीत, गंगाराम बाजाराला. श्यामसुंदर माझ्याकडे बघतो.

माझ्या तोंडातून येईना. म्हटलं, ‘नामाचा बापूस.’

त्याने लिहून घेतलं.

२६ मार्च

पिंप उचलून नेलं. बांध तसाच फुटका ठेवला. मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्या पिंपाशिवाय! लाज वाटते लिहायला.

२ जुलै

सरकारने मिठागराभोवती खांब रोवले, तारा ओढल्या. ह्यांनी परत भिंत धरली.

१६ नोव्हेंबर

पिच्चर लागला. टेम्पो करून अर्धा गाव ठाण्याच्या टॉकिजात, दुपारच्या खेळाला. हे येत नव्हते. सुचित्राने हात धरून ओढलं.

पडदा पांढरा झाला. मला वाटलं बिघडला. मग कळलं, आपलं मिठागर. आता तारेच्या आत आहे ते. लांबून दोन पाय आले. जवळ आले. भेगा ओळखल्या मी, करंगळीचं अर्धं नख ओळखलं. मागचा कोणी पोरगा म्हणाला, ‘काय चालतो रे धर्मराज, एकदम खतरनाक.’ मी ह्यांच्याकडे बघितलं. अंधारात पायाची बोटं हलत होती.

शेवटी फरारीने उरलेलं पाणी त्याला पकडायला आलेल्या शिपायालाच पाजलं. मूर्ख माणूस. मला आवडला.

मग नावं वर जायला लागली. सुचित्रा वाचत होती. चहावाल्याचंसुद्धा नाव. मग ती थांबली. मी म्हटलं, ‘वाच.’

‘फरारीचे पाय — नामाचा बापूस.’

सगळं टॉकीज हसलं. आमचा गावसुद्धा. हे उठले आणि मान खाली घालून दाराकडे निघाले. माझ्यामुळे झालं हे. माझ्या जिभेमुळे.

मी खुर्चीवर चढले. गुडघा दुखत होता तरी चढले. मोठ्याने सांगितलं, ‘ते पाय गोटीराम चांगो म्हात्रे ह्यांचे हायेत. गाव घणसोली. माझा नवरा.’

हसू थांबलं. हे दारात उभे राहिले होते. वळले नाहीत.

टेम्पोत बसलो. मी नाव घेतलं म्हणून सून अरुणा तोंडात पदर धरून बसलेली. हे माझ्या शेजारी बसले, पण खाडीकडे तोंड करून. रागावले असतील तर रागावू देत. एकदा सुटलेलं नाव मला परत गिळता येत नाही.

१७ नोव्हेंबर

सकाळी शिपाई आला. आणखी एक कागद. अंगणातून ह्यांच्या नावाने हाक मारली. मी नेहमीसारखी उठले.

आतून आवाज आला, ‘ओ. आलो.’

बाहेर गेले. त्याला म्हणाले, ‘बस. आधी पानी पी.’ मग कागद घेतला.

अरुणाला, सुचित्राला, नामाला सांगून ठेवलं आहे. इथेही लिहून ठेवते. यापुढे दारात कोणीही येऊन गोटीराम म्हटलं, तर घरातल्या कोणी उठायचं नाही. मीसुद्धा नाही. ओ गोटीरामनेच द्यायची.